सिंकखालची नोंदवही

पहिली नोंद रविवारची आहे. ‘सकाळी ६.५०. सिंकखाली ओल. आकार साधारण भाकरीएवढा. कारण अज्ञात.’

‘कारण अज्ञात’ लिहिताना मला मनातून बरं वाटलं होतं, हे आधीच कबूल करून टाकतो. नोकरीत हे शब्द लिहायची संधी मला कधी मिळत नाही. मी खोडदला दुर्बिणीवर कामाला आहे. आमच्या शिवारात त्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत ना, तिथंच. पण मी भांडारात. नट, बोल्ट, वायसर, केबल, झाडू, फिनेल हे सगळं माझ्या सहीनं बाहेर जातं. आमच्या सासरवाडीला, शिनोलीला, मात्र मी ‘तारे बघणारे जावई’ आहे, आणि गेल्या अठरा वर्षांत हा गैरसमज दूर करावा असं मला एकदाही वाटलेलं नाही.

तर ओल. ती आधी उज्ज्वलाला दिसली. उज्ज्वला म्हणजे आमची मंडळी. तिनं फडक्यानं पुसली, पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं, पुन्हा ओल.

“शुक्रवारी अकरा वाजता मॅडम येणार आहेत,” ती म्हणाली.

या एका वाक्यात काय काय होतं ते सांगायला हवं. उज्ज्वलाचा अकरा बायकांचा बचतगट आहे. दोन वर्षं त्या काळा मसाला आणि हळद करतात. पुण्यातल्या एका दुकानानं माल घ्यायची तयारी दाखवली, पण अट अशी की अन्न परवाना पाहिजे. परवान्यासाठी जिल्ह्याच्या ऑफिसातून मॅडम स्वयंपाकघर बघायला येणार. आठ महिने अकरा बायका या भेटीची वाट बघत होत्या. आणि फॉर्ममध्ये तिसऱ्या पानावर कलम नऊ होतं : ‘स्वयंपाकघरात कोठेही ओल अथवा गळती नसावी.’

प्लंबरला फोन केला. तो निमगाव साव्याला होता. म्हणाला, “भाऊ, इथं तीन बंगल्यांची कामं हायेत. पुढच्या आठवड्यात आलोच समजा.” मग मी ऑफिसला फोन करून तारीख पुढं जाईल का विचारलं. पलीकडचे गृहस्थ फार सौजन्यानं बोलले. तारीख बदलायची तर चालू अर्ज रद्द करावा लागतो, मग नवा अर्ज भरावा लागतो, आणि नवे अर्ज घेणारी वेबसाइट सध्या बंद आहे, असं त्यांनी सांगितलं.

“मीच करतो,” मी म्हणालो.

उज्ज्वला माझ्याकडे बघत राहिली. “अहो, नक्की?”

“एवढ्या मोठ्या तबकडीचे नट माझ्या हातून जातात. सिंकचा काय नट?”

हातून जातात हे खरंच होतं. ते बसवतात दुसरेच, हा तपशील मला त्या क्षणी गैरलागू वाटला.

सिंकच्या खाली बाटलीसारखा एक प्लॅस्टिकचा डबा असतो, त्याला बॉटल ट्रॅप म्हणतात. वरून पाणी त्यात येतं आणि बाजूच्या पाइपनं बाहेर जातं. त्याच्या तळाशी एक वाटी असते. ती फिरवून काढता येते, म्हणजे अडकलेली शितं वगैरे साफ करता येतात. हे मला चांगलं माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मोरी फोडून नवा ओटा केला तेव्हा याच विषयावर मी घरातल्यांना अर्धा तास माहिती दिली होती. तेव्हा माझी आई, कुशाबाई, दारात बसून ऐकत होती. “मग म्हशीच्या धोवणाचं काय?” एवढंच तिनं विचारलं होतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी, उरलंसुरलं वरण, सगळं बादलीत साठवून आमच्या चंद्रीला पाजायचं, ही तिची जन्माची सवय. मी म्हणालो होतो, “आई, आता मॉडर्न किचन झालं. धोवण-बिवण बंद. आणि खालच्या नळ्यांना कुणी हात लावायचा नाही.” आई “बरं” म्हणाली होती. आई “बरं” म्हणाली की विषय संपला असं मी लहानपणापासून समजत आलोय.

रविवारी संध्याकाळी मी पाना घेऊन ओट्याखाली शिरलो. माणूस एकदा पन्नाशीला आला की ओट्याखाली शिरणं वेगळं आणि बाहेर निघणं वेगळं. वाटी सैल होती. आवळली. खाली वर्तमानपत्र ठेवलं, झोपायच्या आधी बघितलं, खडखडीत कोरडं. वहीत लिहिलं : ‘दोष दूर.’

सोमवारची नोंद : ‘सकाळी ६.४५. ओल. आकार ताटाएवढा. वाटी पुन्हा सैल.’

इथं मला खरं कुतूहल वाटायला लागलं. नट आपोआप सैल होतो कसा? डॉक्टरांनी सांगितल्यापासून महिनाभर मी सकाळी सहाला उठून स्वयंपाकघरात जाऊन कोमट पाणी पितो. त्या वेळी आई ओट्याशी उभी असते, तांदूळ निवडत, नाहीतर उगाच फडकं मारत. उज्ज्वला त्या वेळी मागच्या खोलीत मिरच्या भाजत असते. म्हणजे रात्री कोरडं आणि सकाळी ओलं, मध्ये कुणी नाही. मी तासातासाला नोंद घ्यायचं ठरवलं. दुर्बिणीवर असंच करतात. एकदम काही सापडत नाही म्हणे, माहिती साठवत राहायची.

“काय लिवतो रं एवढं?” आईनं विचारलं.

“निरीक्षण. हे पाणी कुठून येतं ते शोधतोय. सापडल्याशिवाय सोडणार नाही.”

आईनं पदर सावरला आणि ती गोठ्यात गेली.

मंगळवारी चिमाजी आण्णा आले. आण्णा आमच्या आळीतले सगळ्यात जाणते. त्यांचा सल्ला न विचारता मिळतो. त्यांनी पान थुंकून ओट्याखाली मान घातली आणि म्हणाले, “थंडी हाय ही. थंडीनं प्लॅस्टिक आकसतंय. लोखंडाचं असतं तर न्हाई झालं.”

“मग उपाय?”

“टूब.”

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून पाइपला करकचून गुंडाळायची, हा आमच्या भागातला सगळ्यात जुना उपाय. त्यावर इथल्या निम्म्या पाइपलाइनी उभ्या आहेत. आण्णांनी घरून ट्यूब आणली आणि स्वतः गुंडाळली, वाटीपासून वरपर्यंत. इतकी गुंडाळली की ट्रॅप दिसेनासा झाला. संध्याकाळी एक थेंब नाही. मी आण्णांना चहा पाजला. ते दोन कप प्याले आणि त्यांनी आपल्या विहिरीच्या तीन पाइपांची हकीकत सांगितली.

बुधवार, सकाळी ६.५५ : ‘ओल. ट्यूब सुटून खाली पडलेली. नीट घडी घातलेली.’

घडी घातलेली. हे मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि तरीही पुढं गेलो. आता ती नोंद वाचतो तेव्हा मला स्वतःचा राग येतो. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष बाळासाहेबांकडं होतं.

बाळासाहेब शेजारी. त्यांचं साडेतीन एकर टोमॅटो ठिबकवर आहे, त्यामुळं पाणी या विषयात ते कुणाचं ऐकून घेत नाहीत. आमच्याकडं रोज सकाळी दूध न्यायला येतात. त्या दिवशी ट्यूब बघून ते हसले.

“भाऊ, आण्णांचा जमाना गेला आता. गळती कुठं हाय तेच तुमाला ठाव न्हाई, आन तुमी पट्ट्या बांधताय. ठिबकला आमी काय करतो? टोकाला बुच मारायचं आन मोटर चालू करायची. कारंजं उडंल तिथं भोक.”

यात मला विलक्षण तर्कशुद्धता दिसली. आजही दिसते. चूक एवढीच झाली की सिंक वरून उघडं असतं, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दहाला शेतीपंपाची थ्री फेज लाईट आली. बाळासाहेबांनी परसातल्या आमच्या सांडपाण्याच्या पाइपला विहिरीच्या मोटरीची नळी जोडली, वरून त्याच आण्णांची ट्यूब बांधली आणि ते स्टार्टरपाशी गेले. मी वही घेऊन ओट्यासमोर उकिडवा बसलो. खुणेसाठी फोन चालू ठेवला होता.

“सोडू का?”

“सोडा.”

कारंजं उडालं. भोकातून नाही, सिंकमधून. दोन वर्षांचं जे काही त्या पाइपात दडून बसलं होतं, ते सगळं छताला लागून खाली आलं. मी फोनवर “बंद करा, बंद करा” म्हणत होतो आणि पलीकडून बाळासाहेब विचारत होते, “दिसलं का भोक?”

ओट्यावर उज्ज्वलानं शुक्रवारसाठी लेबलं मांडून ठेवली होती. दोनशे लेबलं, गटाचं नाव, मसाल्याचं चित्र. शाई ओघळली. त्या नावातलं एकही अक्षर वाचता येईना.

उज्ज्वला आली आणि दारात उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एकेक लेबल उचललं, झटकलं, दोरीवर वाळत घातलं. शेवटी म्हणाली, “अहो, तुम्हाला कारण पाहिजे. मला कोरडी फरशी पाहिजे. अकरा जणींना पाहिजे.”

मी दुपारपर्यंत छत पुसलं. वहीत त्या दिवशी पुढं काहीच लिहिलेलं नाही.

गुरुवारी मी रजा टाकली. आता फार भानगडी करायच्या नाहीत, एकच शास्त्रशुद्ध परीक्षा करायची, असं ठरवलं. गळणारं पाणी नक्की सिंकचंच आहे की भिंतीतून येतंय? पाण्याला रंग द्यायचा आणि बघायचं. रंग म्हणून घरात हळद होतीच, गटाची, पहिल्या प्रतीची. चार मोठे चमचे घातले. वाटी सैल केली. पिवळं पाणी टपकलं. म्हणजे सिंकचंच, आणि वाटीतूनच. चार दिवसांत प्रथमच एक गोष्ट सिद्ध झाली होती. फरशीवर थाळीएवढा पिवळा डाग पडला, तोही सिद्ध झाला, कारण तो साबणानं, सोड्यानं, लिंबानं, कशानंही गेला नाही. संध्याकाळी मी वाटी पान्यानं जीव खाऊन आवळली. हळदीचा गाळ आतच राहिला, तो काढायचं माझ्यात त्राण नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी कोमट पाण्याला गेलोच नाही. धीर झाला नाही. सव्वासातला बाळासाहेबांची हाक आली.

“भाऊ, लवकर या. तुमच्या म्हशीला कावीळ झालीया.”

गोठ्यात गेलो. चंद्री रवंथ करत उभी होती. तिचं काळंभोर तोंड नाकपुड्यांपासून हनुवटीपर्यंत पिवळं झालं होतं. बाळासाहेब दुधाचं भांडं छातीशी धरून चार पावलं लांब उभे होते. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

“डोळे पिवळे आहेत?” डॉक्टर.

“नाही. फक्त तोंड.”

“खाते का?”

“माझ्या हातातली वही खायला बघतेय.”

डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुणाचं लग्न आहे का? हळदीबिळदीचा कार्यक्रम?”

मी फोन ठेवला. चंद्रीच्या पुढ्यात बादली होती. बादलीत तळाला पिवळा गाळ होता. मी तो बोटानं चाखला. पहिल्या प्रतीचा होता.

स्वयंपाकघरात आलो तर आई नळाखाली हात धूत होती. मी म्हणालो, “आई, हात दाखव.”

तिनं हात मागं घेतले, आणि मग पुढं केले. दहाही बोटं पिवळी. चौऱ्याहत्तर वर्षांची माझी आई, आणि शाळेत छडी खायला करतात तसे तिनं माझ्यापुढं हात केले होते. मला फार लाज वाटली.

“धोवण वाया जातंय रं,” ती म्हणाली. “एवढ्या डाळतांदळाचं पाणी गटारात घालवायचं? आन खाली बसून धुवायला माजी पाठ देत न्हाई. वाटी काढली, खाली बादली ठेवली की उभ्यानं धुता येतंय. दोन वर्सं करतीया.”

“दोन वर्षं? मग गळायला आत्ताच कसं लागलं?”

“तू सकाळी उठाया लागलास म्हून. म्हैना झाला. तुझी चाहूल लागली की वाटी आर्धीमुर्धी बसवायची आन उठायचं. गळालं की पुसायचं, रविवारी उज्ज्वलानं आधी बघितलं. तू हात लावू नको म्हनला व्हतास ना. आन सोमवारी तर म्हनलास, सापडल्याबिगर सोडनार न्हाई.”

“आणि ट्यूब तू सोडलीस?”

“घडी घालून ठिवली व्हती. आन्नाची हाय ती, परत द्याया लागंल.”

मी तिथंच फरशीवर बसलो. दारात उज्ज्वला उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. ती हसेल असं वाटलं, पण ती घड्याळाकडं बघत होती.

“आज बसवलीत ना नीट, आत्या?”

“कुठं? ह्यो आला न्हाई म्हून म्हनलं दुसरी बादली भरावी. तवर बाळासाबानं वरडा केला.”

वाटी ओट्यावर होती. सिंकखाली तळं होतं, तेही पिवळं. आम्ही तिघांनी पुसायला घेतलं. लेबलांचा नवा गठ्ठा आणायचा होता, तो गटातली एक बाई गाडीवरून घेऊन आली. मी वाटी बसवतो म्हटलं तर घाईत आटे चुकले. पुन्हा काढली, पुन्हा चुकले. सगळं आवरता आवरता दहा वाजले आणि दारात जीप थांबली. अकराच्या मॅडम दहाला आल्या होत्या.

मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. मसाल्याची खोली बघितली, डबे बघितले, बायकांच्या टोप्या बघितल्या. मग स्वयंपाकघरात आल्या. मी ओट्याखाली होतो, हातात पाना, समोर म्हशीची बादली, आणि वाटीतून थेंब पडत होता. मॅडमनी पान तीन उघडलं आणि त्यांचं पेन कलम नऊवर येऊन थांबलं.

“गळती आहे,” त्या म्हणाल्या.

उज्ज्वलाचा चेहरा मी खालून बघितला. तसा चेहरा मी पुन्हा बघू इच्छित नाही.

“गळती न्हाई बाई ती,” आई म्हणाली. “म्या उघडी ठिवलीया. ह्येनं उगंच मोडतोड चालवलीया. आरं भरता, तू भाईर नीघ.”

मी बाहेर निघालो. म्हणजे निघू लागलो, त्याला वेळ लागला. उज्ज्वलानं माझ्या हातातून पाना काढून घेतला आणि पाठीमागं धरला.

आई पाटावर बसली. मॅडमना म्हणाली, “बसा खाली, दावते.” आणि मॅडम खरंच बसल्या. आईनं वाटी काढली, बादलीत पाणी घेतलं, आतलं वायसर बोटानं पुसलं, आधी अर्धा फेरा उलटा फिरवला, ‘टक’ वाजलं, मग तीन फेरे सरळ. नुसत्या बोटांनी. “उलटा फेरा दिला की आटा आटंत बसतोय,” ती म्हणाली. “तेलाच्या बरनीचं झाकन बी असंच लावत्यात.”

मॅडमनी पर्समधून कोरा कागद काढून सिंकखाली अंथरला. “सिंक काठोकाठ भरा. आणि एकदम सोडा.”

भरलं. सोडलं. मॅडमनी घड्याळ बघितलं. दहा मिनिटं आम्ही चौघं खाली त्या कागदाकडं बघत बसलो. बाळासाहेब खिडकीतून बघत होते. मला आयुष्यात एवढ्या बारकाईनं कशाकडं बघितल्याचं आठवत नाही.

कागद कोरडा राहिला.

मॅडमनी तो उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, फॉर्मला टाचणीनं जोडला. मग फरशीवर बोट ठेवलं. “हा डाग कसला?”

“हळदीचा,” मी म्हणालो. “आमच्याच. सोड्यानं पण जात नाही.”

“भेसळ नाही म्हणजे,” त्या म्हणाल्या आणि काहीतरी लिहिलं. शेवटी ‘सांडपाण्याची व्यवस्था’ या रकान्यात ‘जनावरास पाजले जाते’, आणि ‘देखभाल करणारी व्यक्ती’ या रकान्यात ‘कुशाबाई’. उज्ज्वलानं सही केली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते कलम नऊमध्ये बसत नव्हतं.

जाताना मॅडम दारात घुटमळल्या. आईला हळूच म्हणाल्या, “आजी, तो उलटा फेरा परत एकदा सांगता का? आमच्या क्वार्टरमध्ये पण गळतंय. आमचे साहेब चार रविवार झाले सिंकखालीच आहेत.”

परवाना तीन आठवड्यांनी आला. तो आता ओट्याच्या वर लावलाय. मी सहालाच उठतो आणि कोमट पाणी पितो, पण आधी बादली धरतो. वाटीला हात लावायची परवानगी मला अजून मिळालेली नाही. आई म्हणते, बघू पाडव्याला.

वही भांडारात नेऊन ठेवलीय. तिच्यातली शेवटची नोंद शुक्रवारची आहे. ‘सकाळी १०.४०. गळती नाही. कारण सापडले. कारण म्हणजे मी.’